एका आण्याचा हिशेब

आमच्या वेतनपत्रकात कपातीच्या रकान्यात एक छोटी ओळ असते. व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीच रक्कम तीनशे होते आणि वर्षाचा आकडा २,५०० वर जाऊन थांबतो. प्राप्तिकराविषयी प्राध्यापक-कक्षात वर्षभर चर्चा चालते. या ओळीविषयी कुणी कधी बोलत नाही. रक्कम लहान आहे म्हणून नव्हे, तर ती कशासाठी कापली जाते हे बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे म्हणून. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, यात निम्म्याहून जास्त भाग सरकारच्या जमाखर्चाचा आहे. तो आपण शिकतच नाही. परीक्षेला येत नाही म्हणून का?” प्रश्नात खोच होती की निरागसता, ते मला आजही ठरवता आलेले नाही. परंतु प्रश्न खरा होता.

‘असूड’ आपण शिकवतो तो सामाजिक विद्रोहाचा ग्रंथ म्हणून. अविद्येपासून सर्वनाशापर्यंत नेणारी त्याची प्रारंभीची कार्यकारणमालिका विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. फुल्यांची बोलभाषा, त्यांचा उपरोध, शेतकऱ्याच्या घराचे त्यांनी केलेले बारकाईचे वर्णन यांवर आपण प्रश्न काढतो. पण या ग्रंथात शेतसारा आहे, दर तीस वर्षांनी होणारी पैमाष आहे, मिठावरची जकात आहे, म्युनिसिपालिटीची जकात आहे, लोकल फंड आहे, अंमलदारांचे पगार आणि पेन्शनी आहेत. हे सारे आपण ‘तत्कालीन परिस्थिती’ या एका शब्दप्रयोगात गुंडाळून पुढे जातो. माझ्या मते असे करताना ग्रंथाचा कणाच आपण बाजूला ठेवतो. ‘असूड’ हा करविचाराचाही ग्रंथ आहे, आणि तो कर वसूल करणाऱ्याच्या नव्हे, भरणाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. या बाजूने पाहिले की करआकारणीच्या तत्त्वांत कोणती भर पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

करांविषयीची अर्थशास्त्रातील चर्चा ॲडम स्मिथपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या पाचव्या भागात त्याने कराच्या चार कसोट्या सांगितल्या. पहिली समतेची : प्रत्येकाने आपापल्या ऐपतीच्या प्रमाणात राज्याचा भार उचलावा. दुसरी निश्चिततेची : किती, केव्हा व कसे द्यावयाचे हे भरणाऱ्याला आधीच स्पष्ट ठाऊक असावे, ते वसुली करणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून नसावे. तिसरी सोयीची : कर अशा वेळी आणि अशा रीतीने घ्यावा की देणाऱ्याला तो देणे सोपे जावे. चौथी काटकसरीची : रयतेच्या खिशातून निघालेले आणि तिजोरीत पोहोचलेले यांत कमीत कमी अंतर असावे.

यांतील तिसरी कसोटी मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. स्मिथच्या ग्रंथापूर्वी बरोबर शंभर वर्षे, १६७६ साली, शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. गावोगाव जाऊन कुणबी गोळा करावे, ज्याच्यापाशी राबण्याचे बळ आहे पण बैल वा बियाणे नाही त्याला ते द्यावे, दिलेली रक्कम वाढीदिढीने नव्हे तर मुद्दल तेवढी आणि तीही हळूहळू, त्याला शक्ती येईल तशी वसूल करावी, असा त्या पत्राचा आशय आहे. आणखी एक आज्ञा त्यात आहे : रयतेकडून सारा पिकाच्या रूपानेच घ्यावा, त्याबदली रोकड मागू नये, जमलेला माल सरकारने साठवावा व भाव पाहून विकावा. भाव पडले तर त्याची झळ शेतकऱ्याला नव्हे, सरकारला लागावी, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

या पत्राचा उल्लेख केला की ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. आज्ञापत्रातले तत्त्व आणि चावडीवरचा व्यवहार यांत नेहमीच अंतर असते. पत्रातच सुभेदाराला इतक्या खुलाशाने बजावावे लागते, याचा अर्थ बजावण्याची गरज होती. शिवाय पुढे याच मुलखात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने देण्याची पद्धत बोकाळली. जो जास्त बोली लावील त्याला वसुलीचा हक्क. बोलीपेक्षा अधिक जे काढील ते त्याचे. स्मिथच्या दुसऱ्या व चौथ्या कसोटीचा याहून मोठा भंग कोणता असेल? किती द्यायचे ते रयतेला ठाऊक नाही, आणि दिलेल्यातले किती पुण्याला पोहोचते ते पेशव्यांनाही ठाऊक नाही. १८१८ साली राज्य गेले त्याची लष्करी कारणे आपण पुष्कळ वाचतो. इजाऱ्याने पोखरलेला गावगाडा त्या मानाने कमी वाचतो.

कंपनी सरकार आले ते इजारा बंद करून, परंतु एक नवे शास्त्र घेऊन. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडलेला खंडाचा सिद्धान्त असा, की मजुरी, भांडवल आणि त्यावरचा रास्त नफा वजा केल्यावर सुपीक जमिनीवर जे वरकड उरते ते कुणाच्या श्रमाचे फळ नसते. ते जमिनीच्या अंगभूत गुणाचे असते. मग ते सरकारने घेतले तर शेतीचे नुकसान व्हायचे कारण नाही. कागदावर हा विचार निर्दोष दिसतो. हेलीबरीच्या महाविद्यालयात माल्थसच्या हाताखाली शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी तो विचार घेऊन दख्खनच्या माळावर उतरला. १८२० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या त्याच्या पाहणीत शेताशेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा ठरवण्यात आला. पण निव्वळ उत्पन्न काढायचे कसे? कोरडवाहू जमीन, तीन वर्षांत एकदा दगा देणारा पाऊस, घरच्या माणसांची न मोजलेली मजुरी आणि खालच्या नोकरांनी भरलेले तक्ते. हिशेब चुकले, सारा डोईजड झाला, शेते ओस पडली, आणि काही वर्षांतच ती पद्धत गुंडाळावी लागली.

त्यानंतर १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी केली. त्यांनी शास्त्राचा आग्रह सैल केला, जमिनीची प्रतवारी आणि गावाचा पूर्वानुभव पाहून दर बरेच खाली आणले आणि ते तीस वर्षांसाठी बांधून दिले. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. निश्चिततेची कसोटी येथे काही अंशी पाळली गेली, हे मान्य केले पाहिजे. पण निश्चिततेला दुसरी बाजूही होती. सारा निश्चित, पाऊस अनिश्चित. सारा रोख, पीक मात्र भावाच्या चढउतारावर झुलणारे. हप्त्याची तारीख आली की माल मिळेल त्या भावाने विकणे किंवा सावकाराच्या ओसरीवर जाणे, हे दोनच मार्ग उरत. रामाजी अनंतच्या पत्रात भावाचा धोका सरकारच्या अंगावर होता. रयतवारीत तो शेतकऱ्याच्या अंगावर आला. करपद्धतीचा इतिहास हा पुष्कळदा धोका कुणी सोसायचा याचा इतिहास असतो.

तीस वर्षांची मुदत १८६० नंतर संपू लागली तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वधारलेले होते. त्या तेजीच्या आठवणीवर १८६७ पासून फेरपाहणी सुरू झाली आणि सारा निम्म्याने, काही गावांत त्याहूनही अधिक वाढला. तोवर तेजी ओसरली होती. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले; हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. चौकशी आयोग नेमला गेला, आणि सरकारी निष्कर्ष असा निघाला की शेतकऱ्यांच्या संतापाचे मूळ सावकारीत आहे, साऱ्यात नाही. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला तोही ऋणको आणि धनको यांच्यातला होता. सावकार निर्दोष होता असे मुळीच नाही. पण शेतकऱ्याला त्याच्या दारात कोणत्या तारखेने उभे केले, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

येथपर्यंत प्रश्न कर किती व कसा घेतला याचा होता. आता सरकारचे उत्पन्न एकूण कशाकशातून येत होते ते पाहू. कारण ‘ऐपतीप्रमाणे भार’ ही पहिली कसोटी एकट्या शेतसाऱ्यावर तपासता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान सरकारच्या जमेत सर्वांत मोठा वाटा जमीनमहसुलाचा होता. त्यानंतर अफू व मीठ यांचे क्रमांक लागत. शिवाय अबकारी, मुद्रांक व सीमाशुल्क ही खाती होती. मिठावरचा कर हा समतेच्या कसोटीला सरळ छेद देणारा. श्रीमंत माणूस गरिबाच्या दसपट मीठ खात नाही. उलट उन्हात राबणाऱ्याला ते अधिक लागते, आणि त्याच्या गुरांनाही लागते. मुंबई इलाख्यात १८७८ साली हा कर मणामागे अडीच रुपये झाला. दुष्काळाची दोन वर्षे तेव्हा नुकतीच सरली होती.

याच्या उलट प्राप्तिकराची कथा पाहावी. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली हा कर आणला. वर्षाला दोनशे रुपयांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांकडून तो घ्यावयाचा होता. १८६५ मध्ये तो गेला. मग परवाना कर आला, त्याची जागा दाखला कराने घेतली, १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर आला आणि १८७३ मध्ये पुन्हा गेला. स्थिर स्वरूप त्याला १८८६ च्या कायद्याने मिळाले. पंचवीस वर्षांच्या या ये-जा करण्यात एक सूत्र दिसते. ज्यांच्यावर हा कर बसे त्यांना अर्ज लिहिता येत, सभा भरवता येत, वर्तमानपत्रात पत्रे छापून आणता येत. मिठावरचा कर देणाऱ्याला यातले काहीच येत नव्हते. म्हणून प्राप्तिकर जाऊ शकत होता आणि मीठ राहत होते. ऐपतीच्या कसोटीत अक्षरांचीही ऐपत मोजावी लागते, हे स्मिथच्या यादीत नाही. ते फुल्यांच्या लेखनात आहे.

या संदर्भात लोकल फंडाचे उदाहरण विशेष बोलके आहे. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली व १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप मिळाले. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण खर्चासाठी नव्हता. तो स्थानिक कामांसाठी होता. सुमारे एक तृतीयांश शिक्षणाकडे, बाकीचा रस्ते व तत्सम कामांकडे, अशी त्याची वाटणी होती. आजच्या भाषेत हा उपकर होय : करावरचा कर, पण उद्देश सांगून घेतलेला. उद्देश सांगितला की कराला वचनाचे स्वरूप येते. रुपयामागे आणा देणाऱ्या कुणब्याला सरकार जणू म्हणत होते, तुझ्या गावात शाळा येईल.

ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना फुल्यांनी नेमके हे वचन हातात धरले. या निवेदनाचे वाचन आपण शिक्षणाच्या इतिहासात करतो, पण त्याचा युक्तिवाद आधी करशास्त्रीय आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. वरिष्ठ वर्ग तिजोरीत फारसे घालत नाहीत. तरीही शिक्षणावरचा खर्च मुख्यतः उच्च शिक्षणावर, म्हणजे त्याच वर्गांच्या मुलांवर होतो. इलाख्यातील नऊ दशांश खेड्यांत, सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची सोयच नसल्याचे सांगितले जाते, याकडेही ते आयोगाचे लक्ष वेधतात. उच्च शिक्षण घेतलेला वर्ग ज्ञान खाली झिरपवील ही सरकारची आशा त्यांनी निरर्थक ठरवली. याच निवेदनात ते एका इंग्रज लेखकाच्या मताचा आधार घेतात : हिंदुस्थानातला महसूल वरकड नफ्यातून नव्हे तर भांडवलातून येतो, चैनीच्या वस्तूंवर नव्हे तर गरिबाच्या अत्यावश्यक गरजांवर उभा आहे. रिकार्डोचे शास्त्र वरकडावर बेतलेले होते. प्रिंगलच्या तक्त्यांत जे सापडले नाही ते येथे एका वाक्यात सांगितले आहे : ज्याला तुम्ही वरकड म्हणता ते आमचे बियाणे आहे.

याचा अर्थ असा, की फुल्यांनी स्मिथच्या चार कसोट्यांना पाचवी जोडली. कर कुणाकडून घेतला एवढे पाहून भागत नाही. तो कुणावर खर्च झाला हेही त्याच पानावर मांडले पाहिजे. जमा आणि खर्च वेगवेगळ्या वह्यांत ठेवले की अन्याय दिसत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की कुणब्याचा आणा आणि वरिष्ठ वर्गातल्या मुलाची पदवी यांतला संबंध उघडा पडतो.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, पुरा झालेला ‘असूड’ या दृष्टीने वाचावा. ग्रंथाचे पाच भाग आहेत. पहिल्या भागात शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून मृत्यूनंतरपर्यंत भटभिक्षुक निरनिराळ्या विधींच्या निमित्ताने त्याच्याकडून काय काय घेतात याची जंत्री आहे. दुसऱ्या भागात गोरे अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे ब्राह्मण कामगार येतात. वाङ्मयीन दृष्टीने पहिला भाग धर्मावरची टीका आणि दुसरा राज्यावरची टीका, अशी आपण विभागणी करतो. पण फुले दोन्हीकडे एकच गोष्ट करत आहेत : ते यादी करत आहेत. तिथीवार, प्रसंगवार, रकमेच्या अंदाजासह. दक्षिणा, शिधा, दान आणि सारा, जकात, लोकल फंड हे सारे त्यांच्या लेखी एकाच माणसाच्या एकाच कमाईतून जाते. ज्याला नाही म्हणता येत नाही आणि ज्याच्या मोबदल्यात निश्चित असे काही मिळत नाही, असे देणे म्हणजे कर. ही व्याख्या मान्य केली तर पहिला भाग हा करांचाच अध्याय ठरतो.

यावर आक्षेप घेता येईल. दक्षिणा न दिल्यास जप्ती येत नाही, सारा न दिल्यास येते. दोन्ही एका मापाने कसे मोजावे? आक्षेप योग्य आहे, आणि कायद्याच्या भाषेत तो टिकेल. पण फुल्यांचे म्हणणे कायद्याचे नाही, अनुभवाचे आहे. गावात राहणाऱ्या माणसाला बहिष्काराची आणि पापाची भीती मामलेदाराच्या शिपायाहून कमी नसते. शिवाय दोन्ही देण्यांतला दुवा ते दाखवून देतात. अक्षरशत्रू शेतकऱ्याला साऱ्याच्या पावतीवर काय लिहिले आहे ते कळत नाही, तसेच संकल्पात काय म्हटले ते कळत नाही. आणि वाचून दाखवणारा दोन्ही ठिकाणी एकाच वर्गातला असतो. त्यांच्या या मांडणीत काही वेळा एका संपूर्ण जातीला एकाच रंगाने रंगवले जाते, हेही वर्गात सांगितले पाहिजे. परंतु ज्या काळात कुळकर्ण्यापासून शिरस्तेदारापर्यंतची साखळी बहुतांशी एकाच जातीच्या हाती होती, त्या काळात हा दोष निरीक्षणाचा कमी आणि काळाचा जास्त होता.

‘असूडा’तला खर्चाचा विचारही तितकाच ठोस आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांचे मोठाले पगार व पेन्शनी, गावची गायराने गिळणारे जंगलखाते, शहरात भाजीपाला आणणाऱ्याला नाक्यावर द्यावी लागणारी जकात यांचा समाचार घेऊन ते उपायांकडे वळतात. फौज आणि पोलीस यांच्या रिकाम्या वेळात त्यांच्याकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, डोंगरावरून वाहून जाणारे पाणी व सत्त्व शेतातच जिरवावे, अशी त्यांची सूचना आहे. सार्वजनिक खर्चाचे हे पुनर्वाटपच होय. ज्याच्या पैशावर फौज उभी आहे त्याच्या बांधावर तिने यावे! मद्याच्या उत्पन्नाविषयीही त्यांची दृष्टी अशीच होती. पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. घरे उद्ध्वस्त करून मिळणारे उत्पन्न जमेच्या बाजूला लिहायचे की नाही, हा प्रश्न त्यांनी तेव्हा उभा केला; अबकारी खाते असलेल्या कोणत्याही सरकारपुढे तो आजही उभा आहे.

ग्रंथाचे पुढे काय झाले? फुल्यांनी तो ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला. ‘दीनबंधु’मध्ये त्याचे सुरुवातीचे भाग छापले गेले आणि मग छपाई थांबली. करांवरच्या सरकारी टीकेला छापखाने घाबरले, ही बाब ग्रंथाच्या आशयाचीच साक्ष देते.

उद्देश सांगून घेतलेल्या पैशाची तीच कथा त्या दशकात देशपातळीवरही घडली होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने पुढील दुष्काळांसाठी दरसाल दीड कोटी रुपये राखून ठेवण्याचे ठरवले आणि त्यासाठी १८७८ साली व्यापारी व कारागिरांवर परवाना कर व जमिनीवर उपकर बसवले. सुरतेत या करावरून दंगल झाली. एका वर्षाच्या आत अफगाण युद्धाचा खर्च आला आणि ती तरतूद थोपवण्यात आली. दुष्काळाच्या नावाने गोळा केलेला पैसा युद्धाकडे वळला, ही टीका तेव्हाच्या वृत्तपत्रांत आणि पुढे राष्ट्रीय चळवळीत वारंवार झाली. वचन मोडले की कर हा केवळ वसुली होऊन उरतो.

फुल्यांचा प्रश्न पुढे वेगळ्या आवाजात वरिष्ठ सभागृहात पोहोचला. गणिताचे प्राध्यापक असलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरील आपल्या पहिल्याच भाषणात सरकारची शिल्लक हे देशाच्या सुबत्तेचे लक्षण नाही हे आकड्यांनी दाखवले. लोक हलाखीत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ गरजेपेक्षा जास्त घेतले जात आहे. मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा वाढवा, या त्यांच्या मागण्या होत्या. १९०३ पासून मीठ-कर टप्प्याटप्प्याने कमी होत १९०७ मध्ये मणामागे एक रुपयावर आला. प्राप्तिकराची मर्यादाही पाचशेवरून हजारावर गेली. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने व एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, असा त्यांचा हिशेब होता. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. फुले आणि गोखले यांना आपण दोन निरनिराळ्या प्रवाहांत शिकवतो आणि ते योग्यही आहे; पण कुणब्याचा आणा आणि गोखल्यांचे विधेयक यांना जोडणारी रेषाही दाखवली पाहिजे. ब्रिटिश मुलखात जे नाकारले गेले ते १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आणले. म्हणजे पैशाची अडचण खरी होती तरी तीच शेवटची अडचण नव्हती.

आता सुरुवातीच्या वेतनपत्रकाकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला तेव्हा वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा मोठा विस्तार झाला. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. जोडीला बागायती जमिनीवरची विशेष आकारणी व मोटार वाहनांवरचा जादा कर यांसारखी साधने होती, आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने घालावी असे १९७७ च्या कायद्यात ठरले. नियमित पगार असलेल्या शहरी माणसाने, पाऊस न आल्यास हाताला काम नसलेल्या ग्रामीण मजुरासाठी दरमहा थोडे द्यायचे, हे त्यामागचे तत्त्व. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाहाची दिशा येथे उलटी झाली होती. कुणब्याच्या आण्यावर महाविद्यालये चालली होती. आता महाविद्यालयातला प्राध्यापक माळावरच्या नालाबंडिंगला पैसे देत होता. या निधीतला पैसा न वापरता शिल्लक पडतो, अशी टीका या योजनेवरही पुढे झाली, हे विसरता येत नाही. पण तत्त्व म्हणून महाराष्ट्राने करविचारात घातलेली ही भर मोठी आहे, आणि २००५ मध्ये देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

उपकर मात्र आजही आपल्या सोबत आहेत. २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर आला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का जोडला गेला, आणि २०१८ मध्ये आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के झाले. राज्यघटनेच्या २७० व्या कलमानुसार केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना मिळतो, उपकरांतला मिळत नाही. म्हणून ‘शिक्षणासाठी’ हा शब्द पावतीवर आला की तो पैसा शाळेपर्यंत कोणत्या वाटेने जातो हे विचारणे भाग आहे. १८८२ साली विचारलेला प्रश्न तोच होता. फक्त आण्याची जागा टक्क्याने घेतली आहे. मिठाचा प्रश्नही वेगळ्या रूपात शिल्लक आहेच. वस्तूवरचा कर विकत घेणाऱ्याची ऐपत विचारत नाही, दुकानाच्या बिलावर प्राध्यापक आणि शिपाई सारखेच असतात.

हे सगळे साहित्याच्या वर्गात कशासाठी, असे सहकारी विचारतील. माझे उत्तर असे, की ‘असूड’ वाचताना आकडे वगळले की उरतो तो केवळ संताप. आणि कारणाशिवायचा संताप विद्यार्थ्यांना भाषाशैलीचा नमुना वाटतो. फुल्यांच्या गद्याची धार त्यांच्या शब्दांत आहे तितकीच त्यांच्या यादीत आहे. ज्याच्याकडून घेतले त्याच्यासमोर खर्च वाचून दाखवणे, हेच त्या गद्याचे कार्य आहे. त्यांनी हा ग्रंथ छापून येण्याआधी मोठ्याने वाचून दाखवला, यालाही त्यामुळे अर्थ प्राप्त होतो. ज्यांना पावती वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी ते हिशेबाचे जाहीर वाचन होते.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला माझे वेतनपत्रक दाखवले. व्यवसाय कराच्या ओळीवर त्याने बोट ठेवले आणि तो म्हणाला, “म्हणजे माझ्या आईने रोजगार हमीवर खडी फोडली, त्यातले थोडे तुमचे होते.” वर्गात कुणी हसले नाही. मी म्हणालो, “आणि तुझ्या पणजोबांनी रुपयामागे एक आणा दिला होता, त्यातून माझ्या आधीच्या पिढ्या शिकल्या.” हिशेब असा शेजारी ठेवून पाहावा लागतो. त्या दिवसापासून ‘असूडा’चा दुसरा भाग मी पहिल्याइतकाच वेळ देऊन शिकवतो. परीक्षेला तो अजूनही येत नाही.